विमानावरचा बर्फ आणि लँगम्युअर

बल्बमध्ये वायू भरून त्याचं आयुष्य वाढवणारे, १९३२चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळवणारे अमेरिकन अर्व्हिंग लँगम्युअर (१८८१–१९५७). मला मात्र आवडतात ते माउंट वॉशिंग्टनच्या थंडीत बर्फामागे लागलेले लँगम्युअर. ढगातले थेंब शून्याखालीही द्रव राहू शकतात. पंखावर आपटले की गोठतात. लिफ्ट घटते, विमान कोसळूही शकतं. सहकारी कॅथरीन ब्लॉजेट यांच्यासोबत त्यांनी १९४०च्या दशकात या थेंबांचे मार्गच गणिताने काढले. बारीक थेंब हवेबरोबर वळसा घेऊन सटकतात, मोठे सरळ धडकतात. गंमत म्हणजे जाड कडेपेक्षा पातळ कड प्रमाणात जास्त थेंब पकडते, म्हणून शेपटीवर बर्फ बऱ्याचदा आधी! कड कुठपर्यंत तापवायची, ते अशाच हिशोबातून कळतं. पुढे ते कृत्रिम पावसाकडे वळले, तिथले बरेच दावे टिकले नाहीत. थेंबांच्या आकारांच्या वाटणीला मात्र इंजिनिअर अजून लँगम्युअरचंच नाव लावतात.