दर्पणकारांचा शिक्षकवर्ग

६ जानेवारी आला की पत्रकार दिनाला बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेस हार घातला जातो. १८३२ साली त्याच दिवशी त्यांनी ‘दर्पण’ काढले, हे शाळकरी मुलेही सांगतात. आम्हा येळ्ळूरकरांना मात्र त्यांचे दुसरे एक काम अधिक जवळचे वाटते. मराठी शाळांसाठी शिक्षक घडवण्याचे.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ चा, देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावचा. वडील गंगाधरशास्त्री पुराणिक. घरीच संस्कृत शिकून मुलगा मुंबईला आला आणि सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांच्या आधाराने इंग्रजी व गणित शिकला. हुशारी अशी की १८३४ मध्ये, जेमतेम बाविशीत, एल्फिन्स्टनमध्ये ते पहिले भारतीय साहाय्यक प्राध्यापक झाले.

शिकवायचे मराठीतून, तर पुस्तके कुठे होती? ती त्यांनीच लिहिली. व्याकरण, भूगोल, इतिहास, नीतिकथा, इतकेच काय, कलनशास्त्रावरचे ‘शून्यलब्धिगणित’सुद्धा. १८४० मध्ये ‘दर्पण’ बंद झाले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. त्यात शास्त्रीय विषय सोप्या मराठीत येत.

पुढे शाळा तपासनीस म्हणूनही त्यांनी काम केले. त्या काळी गावोगाव पंतोजींच्या शाळा असत. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, पाढे घोकायचे, मोडी वाचायची, आणि चुकले की छडी. पंतोजी वाईट होते असे नाही. हिशेब त्यांनी पिढ्यान् पिढ्या पक्का करून घेतला. पण भूगोल किंवा व्याकरण त्यांना कोणी शिकवलेच नव्हते, मग ते मुलांना कुठून देणार? आमच्या समजुतीप्रमाणे, नुसती पुस्तके छापून भागत नाही हे बाळशास्त्रींइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल. १८४५ मध्ये मुंबईत शिक्षक तयार करण्याचा नॉर्मल वर्ग निघाला, तो त्यांच्याच हाती सोपवण्यात आला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. आजही मराठी शाळांची काळजी निघाली की आपण पटसंख्या, इमारत आणि अनुदान यांवर बोलतो. वर्गात उभा राहणारा माणूस कसा तयार होतो, हे बोलायचे राहून जाते.

हा शास्त्री निव्वळ पुस्तकी नव्हता. १८४३ मध्ये मिशनऱ्यांकडे गेलेल्या श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला परत जातीत घ्यावे म्हणून ते उभे राहिले. सनातन्यांचा रोष त्यांनी अंगावर घेतला, पण हटले नाहीत. १८४५ मध्येच त्यांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढली. एका माणसाने एका वर्षात किती करावे!

शिक्षकांचा वर्ग मात्र त्यांना फार काळ चालवता आला नाही. मे १८४६ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते मुंबईत वारले. मुंबई विद्यापीठ निघाले ते १८५७ मध्ये, त्यांच्यामागे अकरा वर्षांनी.

त्यांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, पुढे पुण्यात गणिताचे नामांकित अध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांत बाळ गंगाधर टिळक होते, ज्यांनी १८९३ पासून गणपती घराघरांतून चौकात आणून बसवला.