पेपरात जागा मिळेना, तेव्हा बाबासाहेबांनी काय केलं?

कॉलेजातले बरेच जण हौसेने पेपरला बातमी पाठवतात. चार दिवस वाट बघतात. छापून आली नाही की आपल्याला कोण विचारतंय म्हणून विषय संपवतात. शंभर वर्षांपूर्वी एका तरुण प्राध्यापकासमोर याहून कितीतरी मोठं बंद दार होतं.

डॉ. भीमराव आंबेडकर नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवू लागले. वय २७, शिक्षण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातलं. तरी अस्पृश्यांचे प्रश्न मोठ्या पेपरांत फारसे येत नव्हते. त्यांनी सुरुवात केली ती पत्राने. जानेवारी १९१९ मध्ये होमरूलच्या मागणीवरचं त्यांचं पत्र ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छापून आलं. खाली नाव नव्हतं, ‘एक महार’ एवढीच सही. त्याच महिन्यात मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. म्हणजे विषय ताजा, मुद्दा नेमका आणि लिहिणारा ते भोगलेला. आजही संपादक हेच तर बघतात!

पण एका पत्रावर भागणार नव्हतं. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघालं. शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकर यांचं होतं. अंक निघतोय याची जाहिरात पैसे मोजायची तयारी असूनही ‘केसरी’ने घेतली नाही. अंक मात्र थांबला नाही.

त्याच वर्षी बाबासाहेब उरलेलं शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले. मागे ‘मूकनायक’ची घडी विस्कटली आणि १९२३ मध्ये ते बंद पडलं. इथेच कुणी हात टेकले असते. त्यांनी पुढच्या वेळी पद्धत बदलली. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि ३ एप्रिलला, अवघ्या चौदा दिवसांत, ‘बहिष्कृत भारत’ निघालं. या वेळी संपादक ते स्वतः, आणि बराचसा मजकूरही त्यांच्याच हातचा. आपल्या लढ्याची बातमी दुसरं कुणी देईल, या भरवशावर ते बसले नाहीत. तेही पत्र बंद पडलं, तेव्हा १९३० मध्ये ‘जनता’ आलं. १९५६ मध्ये त्याचंच ‘प्रबुद्ध भारत’ झालं.

आपल्याकडे आज ईमेल आहे, मोबाइल आहे. ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या पोरांची शाळा कशी चालते, हे बीडच्या पोरांइतकं जवळून कुणाला माहीत असणार? तेवढं दोन ओळींत नेमकं लिहा आणि तो विषय करणाऱ्या पत्रकाराला पाठवा. कुणाला, कधी, काय पाठवलं आणि उत्तर काय आलं, याची एक वही ठेवा. छापायचं की नाही, हे संपादकाच्या हातात. पुढचं पत्र आधीच्यापेक्षा चांगलं करणं मात्र पूर्ण आपल्या हातात आहे.