प्रेशर कुकरचा जनक डेनिस पापिन

थोर पुरुषांची चरित्रे सांगताना लेखक बहुधा राजवाडे, रणांगणे व सभागृहे यांच्या वाटेने जातात. आम्ही यंदा आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या मातापित्यांस स्वयंपाकघराच्या वाटेने नेणार आहो. शाळेची घंटा होण्यापूर्वी ज्या घरात वरणभात शिजून मुलांचे डबे भरले जातात, त्या घरात बहुधा प्रेशर कुकर असतो. त्याची शिटी ऐकली नाही असे मूल आमच्या शाळेत क्वचितच सापडेल. परंतु हे भांडे प्रथम कोणाच्या बुद्धीतून निघाले व त्या मनुष्यास त्याचे काय मोल मिळाले, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्याचे नाव डेनिस पापिन.

पापिनचा जन्म इ. स. १६४७ च्या ऑगस्ट महिन्यात फ्रान्स देशात ब्ल्वा शहराजवळ झाला. त्याचे घराणे ह्यूगनॉ, म्हणजे फ्रान्समधील प्रॉटेस्टंट पंथाचे होते. त्या राष्ट्रात बहुसंख्य लोक व राजा कॅथॉलिक होते. तथापि १५९८ साली चौथ्या हेन्री राजाने नांत येथे काढलेल्या फर्मानामुळे ह्यूगनॉ लोकांस आपल्या रीतीने उपासना करण्याची मोकळीक मिळाली होती. ह्या फर्मानाचा आमच्या कथेशी फार जवळचा संबंध आहे, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

पापिनने आँजे येथील विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास करून १६६९ साली पदवी घेतली. परंतु नाडी पाहण्यापेक्षा यंत्रे जुळविण्यात त्याचे मन अधिक रमे. लवकरच तो पॅरिसला गेला व तेथील राजकीय विज्ञान-संस्थेत क्रिस्तियान हॉयगेन्स ह्या डच शास्त्रज्ञाचा साहाय्यक झाला. तेथे त्याने हवा काढून घेणाऱ्या पंपावर पुष्कळ प्रयोग केले आणि १६७४ साली निर्वात स्थितीवर एक पुस्तकही प्रसिद्ध केले. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स याच्याशी त्याचा स्नेह जडला तो ह्याच शहरात. १६७५ साली तो लंडनला गेला आणि वायूंच्या नियमासाठी प्रसिद्ध असलेल्या रॉबर्ट बॉइल याच्याबरोबर काम करू लागला.

आता त्याच्या मुख्य शोधाकडे वळू. उघड्या पातेल्यातील पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. मग खाली कितीही जाळ घाला, पाणी त्याहून तापत नाही. जास्तीची सारी उष्णता वाफेबरोबर निघून जाते. पाण्याने कोणत्या अंशाला उकळावे हे त्यावर पडणाऱ्या दाबावर ठरते. आमच्या महाबळेश्वरास हवेचा दाब कमी, म्हणून तेथे पाणी ९५-९६ अंशांच्या आसपासच उकळते आणि डाळ शिजावयास अधिक वेळ घेते. पापिनने ह्याच्या उलट विचार केला. दाब कमी झाला असता पाणी लवकर उकळते, तर दाब वाढविला असता ते उशिरा उकळेल, अधिक तापेल, आणि त्यात घातलेला पदार्थ लवकर शिजेल. त्याने लोखंडाचे जाड भांडे केले, त्यावर घट्ट झाकण स्क्रूने आवळून बसविले व वाफ आतल्या आत कोंडली. ह्या भांड्यास त्याने पाचक असे नाव दिले, कारण त्यात हाडेसुद्धा मऊ होत. १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने ते मांडले, पुढल्या वर्षी तिचा सभासद झाला व १६८१ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले.

कोंडलेली वाफ म्हणजे कोंडलेले सामर्थ्य होय. ते भांडे फोडून बाहेर पडू शकते, हे पापिनने ओळखले होते. त्या काळी भरवशाचे उष्णतामापकही मिळत नसे. फॅरनहाइटने आपला पाऱ्याचा उष्णतामापक पुढे १७१४ साली सिद्ध केला. म्हणून पापिन तापलेल्या झाकणावर पाण्याचा थेंब टाकी आणि तो किती वेळात उडून जातो हे पाहून आतील उष्णतेचा अदमास घेई. परंतु एवढ्यावर विसंबणे त्यास पुरेसे वाटले नाही. त्याने झाकणास एक लहानसे भोक ठेवले, त्यावर झडप बसविली, व ती झडप एका तरफेने दाबून धरून तरफेस वजन टांगले. वाफेचा जोर ठरल्यापेक्षा वाढला की तो वजनासह झडप उचली, जास्तीची वाफ निघून जाई आणि झडप पुन्हा बसे. हीच पहिली सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे सुरक्षा-झडप. घट्ट भांडी त्यापूर्वीही होती. पापिनचे वैशिष्ट्य हे की, ज्या हाताने त्याने वाफेस कोंडले त्याच हाताने तिला वाटही करून दिली.

१२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटीच्या काही सभासदांस त्याने ह्या भांड्यात शिजविलेले जेवण दिले. गायीबैलांची व मेंढ्यांची कठीण हाडे सुरीने कापता येतील इतकी मऊ झाली होती. माशांचे काटेही तसेच. हाडांचा घट्ट रस थिजून त्याची जेली बनली होती, आणि ह्या सर्वास अर्ध्या पौंडाहून कमी, म्हणजे आजच्या मापाने पाव किलोहूनही कमी कोळसा लागला. पाहुण्यांस मौज वाटली. पण पापिनच्या मनात मौज नव्हती. धनवानांच्या घरची टाकून दिलेली हाडे अल्प जळणात शिजवून गरिबांस पोषक अन्न मिळावे, अशी त्याची इच्छा होती. पाच हजारांच्या भोजनानंतर उरलेले तुकडेही टोपल्यांत भरून घेतले गेले, ही शुभवर्तमानातील गोष्ट आमच्या मुलांस परिचित आहे. अन्नाचा कणही वाया जाऊ नये हीच भावना पापिनच्या लोखंडी भांड्यामागे होती. तथापि ते भांडे जड, महाग व अनोळखी पडले. गृहिणींनी ते त्या काळी घरात घेतले नाही.

ह्यानंतर पापिन काही काळ इटलीतील व्हेनिस येथे राहिला. १६८४ साली तो लंडनला परतला व रॉयल सोसायटीत वर्षास ३० पौंडांवर प्रयोग करून दाखविण्याचे काम करू लागला. इतक्यात १६८५ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने नांतचे फर्मान रद्द केले. ह्यूगनॉंची प्रार्थनामंदिरे पाडण्याचा हुकूम झाला, त्यांच्या पाळकांस हद्दपार केले गेले, आणि इतरांनी देश सोडल्यास पुरुषांस गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा ठरली. आम्हांस येथे पापिनचे भांडे आठवते. राजाने लोकांच्या सद्‌सद्विवेकबुद्धीवर झाकण आवळले, पण झडप काही ठेविली नाही. परिणाम असा झाला की, शिक्षेचे भय असूनही सुमारे दोन लक्ष माणसे सीमा ओलांडून निघून गेली; त्यांत विणकर, घड्याळजी, छापखानेवाले असे कुशल कारागीर पुष्कळ होते. फ्रान्सचे जे नुकसान झाले त्यात शेजारच्या राष्ट्रांचा लाभ झाला.

पापिनला मायदेशाचा दरवाजा बंद झाला. त्याचा चुलतभाऊ इझाक पापिन हा धर्मपंडित १६९० साली कॅथॉलिक झाला. डेनिस मात्र आपल्या पंथास धरून राहिला. कोणाच्या अंतःकरणाचा न्याय करणे आमचे काम नव्हे. एवढेच सांगतो की, डेनिसने ज्या गोष्टीसाठी देश गमावला ती त्याने अखेरपर्यंत विकली नाही. हेस-कासेल ह्या जर्मन संस्थानाच्या अधिपतीने, कार्ल याने, त्यास मारबुर्ग विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक नेमले. तेथे १६९० साली त्याने एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यातील कल्पना त्याच्या सर्व कामांत मोठी ठरली. नळीत थोडे पाणी घालून वर दट्ट्या बसवावा. पाण्याची वाफ झाली की दट्ट्या वर जाईल. वाफ थंड होऊन तिचे पाणी झाले की आत पोकळी होईल, व बाहेरील हवेचा दाब दट्ट्यास खाली ढकलील. ह्याच तत्त्वावर इंग्लंडात न्यूकोमेनने १७१२ साली खाणीतले पाणी उपसणारे एंजिन चालविले. पुढे जेम्स वॉट, मग आगगाडी. आणि १६ एप्रिल १८५३ रोजी आमच्या बोरीबंदराहून ठाण्यास जी गाडी निघाली, तिच्या बाष्पकावर पापिनची सुरक्षा-झडप दुसऱ्या रूपाने बसलेलीच होती.

१७०७ च्या सप्टेंबरात पापिन कुटुंबासह कासेलहून स्वतः बांधलेल्या नावेत बसून फुल्दा नदीने इंग्लंडास निघाला. ही नाव वाफेवर चालत होती असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. परंतु तिची चाके माणसांच्या बळाने फिरत, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले आहे. म्युन्डेन गावी नावाड्यांच्या संघाने, नदीवरील आमचा हक्क ह्याने मोडला असे म्हणून, ती नाव अडविली व मोडून टाकली. पापिन कसाबसा लंडनला पोहोचला, तो त्याचे जुने स्नेही उरले नव्हते. बॉइल १६९१ साली वारला होता. रॉयल सोसायटीचा अध्यक्ष आता न्यूटन होता. पापिनने नवे निबंध वाचले, एंजिन बांधण्यास द्रव्य मागितले. त्यास ते मिळाले नाही. १७१२ च्या जानेवारीतील त्याचे एक पत्र उपलब्ध आहे, व त्यात दारिद्र्याची कळा स्पष्ट दिसते. लंडनमधील सेंट ब्राइड्स मंदिराच्या नोंदवहीत १७१३ च्या ऑगस्टात त्याच्या नावाच्या मनुष्याचे दफन नोंदले आहे. आज ब्ल्वा शहरात त्याच्या नावाचा भव्य दगडी जिना व त्यावर त्याचा पुतळा आहे. जिवंतपणी मात्र त्यास त्या शहरात परतता आले नाही.

त्याचे भांडे मात्र जगले. १८७९ साली पाश्चरचा सहकारी शांबेरलाँ याने त्याच तत्त्वावर शस्त्रक्रियेची उपकरणे जंतुरहित करणारे यंत्र सिद्ध केले. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात घरगुती प्रेशर कुकर लोकांपुढे मांडला गेला, आणि १९५९ च्या सुमारास भारतातील कारखान्यांतही तो तयार होऊ लागला. आजच्या कुकरात हवेच्या दाबाइतकाच आणखी दाब चढतो व पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. म्हणूनच पाऊण तास घेणारी तूरडाळ काही मिनिटांत मऊ होते.

ह्या चरित्रातून आमच्या वाचकांनी काय घ्यावे? प्रथम, एक अगदी घरगुती गोष्ट. कुकर दोनतृतीयांशाहून अधिक भरू नये; डाळ, कडधान्ये फसफसून वर येतात, म्हणून ती असता अर्ध्यापर्यंतच भरावा. शिटी बसते ती नळी रोज उजेडाकडे धरून पाहावी; तीत डाळीचे साल अडकलेले नसावे. सुरक्षा-झडप खराब झाली तर त्याच जातीची नवी बसवावी, भोक कशानेही बुजवू नये. आतील वाफ पुरती निवाल्यावाचून झाकणास हात घालू नये. घाई व कंजूषी ह्यांपायी स्वयंपाकघरांत जे अपघात होतात, त्यांत यंत्राचा दोष थोडा असतो. पापिनने ठेविलेली वाट आपणच बंद केलेली असते. आणि ही तपासणी केवळ आईने वा बहिणीने करावी असे कोठेही लिहिलेले नाही. जो मुलगा वाफेचे नियम परीक्षेत लिहितो, त्याने ते सकाळी आपल्या घरच्या झाकणावरही पाहावे. गुण कमी होणार नाहीत.

दुसरी गोष्ट मातापित्यांसाठी व आम्हां शिक्षकांसाठी आहे. तरुण मनांत पुष्कळ वाफ असते. ती अगदीच मोकळी सोडली तर हवेत विरते व काही शिजत नाही. नुसतीच कोंडली तर एक दिवस स्फोट होतो. घट्ट झाकण हवे, आणि झडपही हवी. हे तत्त्व एका निर्वासित मनुष्याने तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी लोखंडात घडवून दाखविले. त्यास देश, धन व मान ह्यांपैकी काहीच पुरतेपणी लाभले नाही. परंतु ज्यांनी त्याचे नावही ऐकलेले नाही अशा असंख्य घरांत त्याच्या कामामुळे आज वेळेवर जेवण होते व जळण वाचते. गरिबांस अल्प जळणात अन्न मिळावे ही त्याची इच्छा उशिरा का होईना, फळास आली आहे.