डॉ. ओटो लोवी

लहान मुलाचे डोळे तपासण्यापूर्वीं नेत्रवैद्य कित्येकदां त्यांत ॲट्रोपीनचे थेंब घालतात. मग बाहुली मोठी होते व पुढें कांहीं दिवस जवळचीं अक्षरें पुसट दिसतात. हे थेंब असें काय करतात, याचें उत्तर ज्यांच्या शोधामुळें मिळालें, त्या डॉ. ओटो लोवी यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें.

लोवी यांचा जन्म जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं ता. 3 जून 1873 रोजीं एका यहुदी व्यापाऱ्याच्या घरीं झाला. त्यांचा स्वतःचा ओढा कलेच्या इतिहासाकडे होता. तथापि आईबापांच्या इच्छेस मान देऊन ते वैद्यक शिकले व इ. स. 1896 मध्यें पदवीधर झाले. रुग्णालयांत काम करीत असतां क्षयाचे व न्युमोनियाचे रोगी डोळ्यांदेखत मरतांना त्यांनीं पाहिले. त्या काळीं या रोगांवर गुणकारी औषध नव्हतें. तेव्हां औषधें शरीरावर कशीं कार्य करतात, हें शोधण्यांतच आयुष्य वेंचावें असा निश्चय त्यांनीं केला. इ. स. 1909 मध्यें ते ऑस्ट्रियांतील ग्राट्स विद्यापीठांत औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले.

मज्जातंतु अवयवांस आज्ञा कशी पोंचवितात, हा तेव्हां वादाचा प्रश्न होता. पुष्कळांच्या मतें तें केवळ विजेचें कार्य होतें. तंतूच्या टोकाशीं एखादें रसायन स्रवत असावें, ही कल्पना लोवी यांस तरुणपणींच सुचली होती. परंतु ती सिद्ध करण्याची युक्ति न सांपडल्यामुळें सतरा वर्षें ती तशीच पडून राहिली. पुढें ईस्टरच्या सुमारास एका रात्रीं त्यांस स्वप्नांत ती युक्ति दिसली. त्यांनीं अर्धवट झोपेंत कागदाच्या कपट्यावर चार ओळी खरडल्या. पण सकाळीं त्यांचें त्यांनाच अक्षर लागेना! सारा दिवस तळमळण्यांत गेला. दुसऱ्या रात्रीं तीन वाजतां तीच युक्ति पुन्हां सुचली. या वेळीं मात्र ते तडक उठून प्रयोगशाळेंत गेले.

त्यांनीं बेडकांचीं दोन हृदयें क्षारद्रवांत धडकतीं ठेविलीं. पहिल्याचा मज्जातंतु विजेनें चेतवितांच तें मंद पडलें. त्यांतील द्रव दुसऱ्या हृदयास देतांच तेंहि मंद झालें. दुसऱ्यास तंतु मुळींच जोडलेला नव्हता; अर्थात् आज्ञा द्रवांतूनच आली होती! हा प्रयोग इ. स. 1921 मध्यें प्रसिद्ध झाला. तें रसायन म्हणजे ॲसेटिलकोलीन, हें पुढें निश्चित झालें.

यामुळें जुन्या औषधांचें कोडें उलगडलें. ॲट्रोपीन हें बेलाडोना वनस्पतींतील द्रव्य ॲसेटिलकोलीनचा संदेश जेथें घेतला जातो, ती जागाच अडवितें. म्हणून बाहुलीस आकुंचन पावण्याची आज्ञा पोंचत नाहीं. उलट पश्चिम आफ्रिकेंतील कॅलाबार नांवाच्या विषारी बीमधील एसेरीन हें ॲसेटिलकोलीनचा नाश करणाऱ्या पाचकद्रव्यास थोपवितें, त्यामुळें संदेश अधिक वेळ टिकतो. हें लोवी व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. 1926 मध्यें दाखविलें. इ. स. 1934 मध्यें इंग्लंडांत डॉ. मेरी वॉकर यांनीं याच औषधानें स्नायुदौर्बल्याच्या रोग्याच्या गळालेल्या पापण्या वर उचलल्या. आपल्या शेतांत फवारलीं जाणारीं कित्येक कीटकनाशकेंहि त्या पाचकद्रव्यास निकामी करतात. मग लाळ वाहते, छाती स्रावानें भरते, श्वास कोंडतो. अशा वेळीं ॲट्रोपीनच वैद्याचा मोठा आधार असतो.

इ. स. 1936 मध्यें लोवी व त्यांचे इंग्रज मित्र सर हेन्री डेल यांस नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. परंतु इ. स. 1938 च्या मार्चमध्यें नाझींनीं ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि त्याच रात्रीं लोवी यांस, ते यहुदी म्हणून, कैद झाली. आपणांस मारून टाकतील असें त्यांस वाटलें; तरी आपले शेवटचे प्रयोग अप्रसिद्ध राहतील, हीच चिंता त्यांस अधिक होती. त्यांनीं पहारेकऱ्याकडून एक पोस्टकार्ड मिळविलें, त्यावर निष्कर्ष लिहून तें एका शास्त्रीय नियतकालिकाकडे धाडविलें, आणि मग त्यांचें मन निवांत झालें. पुढें पारितोषिकाची रक्कम नाझींच्या हवालीं केल्यावरच त्यांस देश सोडतां आला. इ. स. 1940 पासून ते न्यूयॉर्क येथें अध्यापन व संशोधन करीत राहिले व तेथेंच ता. 25 डिसेंबर 1961 रोजीं निवर्तले.

स्वप्न कोणासहि पडतें. परंतु रात्रीं तीन वाजतां अंथरूण सोडणारे विरळा. विद्यार्थ्यांनो, सुचलेली चांगली गोष्ट सकाळवर टाकूं नका.