वार्धक्याचे तेज टिपणाऱ्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन

११ जून १८१५ रोजी कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती पहिला कॅमेरा आला, तो वयाच्या ४८ व्या वर्षी. मुलगी व जावयाची ती भेट होती. इंग्लंडमधील वाइट बेटावरील घरी त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला.

छायाचित्र जितके रेखीव तितके उत्तम, असे मानण्याचा तो काळ. कॅमेरॉन मात्र चेहऱ्याच्या कडा किंचित विरघळताच भिंग तेथेच थांबवीत. गडद पार्श्वभूमी, एका बाजूने येणारा प्रकाश आणि कित्येक मिनिटे निश्चल बसलेली व्यक्ती. त्या अवधीतील श्वासाची सूक्ष्म हालचालही काचेवर उतरे. वृद्धांच्या चेहऱ्याला ही पद्धत विशेष मानवली. १८६७ मध्ये ७५ वर्षांचे खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांना त्यांनी आधी केस धुवायला लावले. मोकळ्या शुभ्र केसांवर प्रकाश खेळला आणि चेहऱ्याभोवती जणू प्रभावळ उमटली. सुरकुत्या कायम राहिल्या. गेली ती केवळ त्यांची धार.

छायाचित्रणातील जाणकारांनी या अस्पष्टतेला तांत्रिक अज्ञान ठरवले. कॅमेरॉन यांनी पद्धत बदलली नाही. २६ जानेवारी १८७९ रोजी सिलोनमध्ये त्यांचे निधन झाले.