आज्ञावली वाटून टाकणाऱ्या अ‍ॅडमिरलबाई

संगणकाची आज्ञावली तिच्या मूळ मजकुरासकट कोणालाही द्यावी, ज्याला जमेल त्याने ती सुधारावी आणि सुधारलेली पुन्हा सर्वांच्या हाती यावी, या रीतीला आज ओपन सोर्स म्हणतात. हे नाव १९९८ सालचे. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला तो १९८३ साली. पण १९५३ मध्येच फिलाडेल्फियात गणिताच्या एका माजी प्राध्यापिकेने हा व्यवहार करून पाहिला होता. ग्रेस हॉपर हे नाव आपल्याकडे माहीत असते ते कोबोल भाषेमुळे, नाहीतर यंत्रात सापडलेल्या एका पतंगामुळे. त्यांचे खरे मोठेपण या दोन्हींहून निराळ्या जागी आहे.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. सात वर्षांच्या असताना घरातली गजराची घड्याळे त्यांनी एकामागून एक खोलून ठेवली, तेव्हा आईने एकाच घड्याळाची परवानगी दिली. येल विद्यापीठाची डॉक्टरेट १९३४ मध्ये मिळाली. व्हासर महाविद्यालयात त्या गणित शिकवत होत्या. युद्ध पेटल्यावर त्यांनी नौदलाची वाट धरली. वय जास्त आणि वजन नियमापेक्षा सुमारे सात किलो कमी, म्हणून खास सवलत घ्यावी लागली. जहाज मात्र मिळाले नाही. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली हार्वर्डमधल्या मार्क वन या पंधरा मीटर लांबीच्या गणकयंत्रावर.

इथे मूळ गोष्ट घडली. त्या यंत्राला आज्ञा द्यायच्या म्हणजे कागदी पट्टीवर भोके पाडायची. हॉपर, रिचर्ड ब्लॉक आणि इतर सहकारी, एकदा बरोबर चाललेले आज्ञांचे तुकडे वहीत उतरवून ठेवत. कोणाला साइन काढायचा असला की दुसऱ्याच्या वहीतून तुकडा उतरवून घ्यायचा. यात कोणाला उसनवारीची लाज नव्हती की मालकीचा प्रश्न नव्हता. अडचण होती ती उतरवण्याची. माणूस नक्कल करताना चुकतो आणि पत्ते बदलताना बेरजेतही चुकतो. मग हे काम यंत्रालाच का सांगू नये?

१९४९ मध्ये त्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. पुढच्याच वर्षी ती रेमिंग्टन रँडने विकत घेतली. १९५२ मध्ये त्यांचा ए-० हा कंपायलर तयार झाला. तुकडे चुंबकीय फितीवर, प्रत्येकाला एक क्रमांक. क्रमांक सांगितला की यंत्र तुकडा शोधून योग्य जागी बसवी. आजच्या परिभाषेत याला कंपायलरपेक्षा लिंकर म्हणणे अधिक बरोबर. त्याची सुधारलेली आवृत्ती ए-२ १९५३ मध्ये युनिव्हॅकच्या ग्राहकांकडे गेली ती मूळ मजकुरासह, आणि सुधारणा करून परत पाठवा या निरोपासह. हे काही दानधर्माचे काम नव्हते. वह्यांची जुनी सवयच इथे टपालाने चालू झाली होती. गुणवत्तेत हे कंपायलर थोर होते असेही नाही. आयबीएमच्या जॉन बॅकस यांचे फोरट्रान १९५७ मध्ये आले आणि वेगात सरस ठरले.

वरिष्ठांना मात्र शब्दांनी आज्ञा देण्याची कल्पनाच पटत नव्हती. बाईंनी एक छोटा कार्यक्रम इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. यंत्राला सगळे शब्द सारखेच, हे त्यांना दाखवायचे होते. वरिष्ठ घाबरले ते अमेरिकन यंत्र परकी भाषा बोलते म्हणून! (मराठी शब्द घातले असते तरी ते चालले असते.) त्यातून फ्लो-मॅटिक आणि त्याच्या आधाराने १९५९ मध्ये सुरू झालेली कोबोल भाषा आली. कोबोल समितीने घडवली. बाई सल्लागार होत्या. पतंगाचेही तसेच. १९४७ मध्ये तो मार्क टू यंत्राच्या रिलेत सहकाऱ्यांना सापडला आणि नोंदवहीत चिकटवला गेला. बाईंनी गोष्ट इतकी रंगवून सांगितली की ती त्यांच्याच नावावर जमा झाली.

१९६६ मध्ये नौदलाने त्यांना निवृत्त केले आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ते सहा महिने एकोणीस वर्षे चालले. तोवर प्रत्येक कंपनीचे कोबोल थोडे थोडे वेगळे झाले होते. कोणाचे खरे, हे ठरवायला बाईंच्या गटाने चाचणी-कार्यक्रमांचा संच रचला. मला हे त्यांचे सर्वांत मोलाचे काम वाटते. आज जीसीसी चांगला की क्लँग, असा वाद तरुण मंडळी हिरिरीने घालतात. पण सर्वमान्य मापाशिवाय तो वाद आवडीनिवडीचाच उरतो. ग्नूकोबोल हा फुकट मिळणारा कंपायलर आजही त्याच परंपरेतल्या सरकारी चाचण्यांवर तपासला जातो. १९९० च्या दशकाअखेर मुंबई-पुण्यातल्या मुलामुलींनी दोन आकडी वर्षांच्या दुरुस्तीसाठी रात्री जागवल्या, त्या बव्हंशी कोबोलपुढेच.

दुसरा हट्ट छोट्या यंत्रांचा. ओंडका एका बैलाला ओढवेना तर शेतकरी बैल मोठा करत बसत नाही, दुसरा बैल जुंपतो, असा दाखला त्या देत. प्रचंड संगणक एकच घेण्यापेक्षा लहान यंत्रे जोडून त्यांच्यात काम वाटावे, हे त्या नौदलाला सांगत राहिल्या. बर्कलेचे बॉइंक २००२ मध्ये आले आणि हडूप २००६ मध्ये. पहिले घरोघरचे संगणक जोडते, दुसरे एका दालनातले शेकडो. दोन्ही फुकट, दोन्ही मूळ मजकुरासह.

१९८६ मध्ये बोस्टन बंदरात, कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर, वयाच्या ७९ व्या वर्षी त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या आणि लगेच डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. व्याख्यानाला येताना त्या सुमारे तीस सेंटिमीटर लांबीच्या तारांची जुडी आणत. प्रकाश एका नॅनोसेकंदात जेवढे अंतर जातो, तेवढी ती तार. ते तुकडे त्या श्रोत्यांना वाटून टाकत. काही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवले आहेत.