वरंध घाटाखालची घळ शोधणारा धुळ्याचा वकील

पावसाळ्यात भोरवरून वरंध घाट उतरून महाडकडे येणारे बरेच जण वाट वाकडी करून शिवथरघळीला जातात. शेजारी धो धो कोसळणारा धबधबा, आत गारठा आणि रामदास स्वामींची मूर्ती. समर्थांनी दासबोध इथेच सांगितला आणि कल्याण स्वामींनी तो लिहून घेतला, असं मानलं जातं.

पण शंभर वर्षांपूर्वी ही घळ नेमकी कुठली, हे अभ्यासकांनाही सांगता येत नव्हतं. १९३० साली ती शोधून काढली शंकर श्रीकृष्ण देव यांनी. ते ना इथले, ना कुठल्या मठाचे महंत. ते धुळ्याचे वकील होते आणि रामदासांचे वाचक.

देवांचा जन्म १८७१ चा. १८९३ मध्ये, म्हणजे विशी नुकतीच ओलांडली असताना, त्यांनी धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढली. पुढे याच सभेने रामदासी साहित्य जमवण्याचं आणि छापण्याचं काम अंगावर घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, दासबोध तर घरोघरी होता, मग शोधायचं काय? अडचण तिथेच होती. दासबोध छापलेला मिळायचा, पण छापखान्यात जी पोथी हाताला लागेल तिच्यावरून. नकलेची नकल होत आलेली. कुठे शब्द बदललेला, कुठे ओवीच वेगळी. वीस दशक, दोनशे समास आणि साडेसात हजारांहून जास्त ओव्यांच्या ग्रंथात असं किती झालं असेल, विचार करा.

देवांनी मूळ पोथी गाठायचं ठरवलं. सीना नदीकाठी परांड्याजवळ डोमगाव आहे, तिथे कल्याण स्वामींचा मठ. तिथल्या कल्याणांच्या हातच्या मानल्या जाणाऱ्या प्रतीवरून देवांनी १९०५ मध्ये दासबोध छापला. आजही दासबोधाच्या पाठाची चर्चा निघाली की डोमगावच्या प्रतीचं नाव येतंच.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. मठातली बाडं म्हणजे लोकांच्या पूजेतली वस्तू, मागितली की कोण देणार? तरी मठामठांतून देव बाडं, पत्रं, टिपणं गोळा करत राहिले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या शेवटी धुळ्यातच होते, १९२६ मध्ये ते तिथेच गेले. जुनी दप्तरं धुंडाळत फिरणारी अशी दोन माणसं एका गावात असणं हा धुळ्याचा योगच म्हणायचा.

याच जुन्या रामदासी कागदांत शिवथरच्या घळीचा उल्लेख होता. शिवाय डोंगरमाथ्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचं समर्थांचं एक वर्णन होतं. पण महाडच्या या डोंगराळ मुलखात शिवथर एक नाही, तीन. कसबे, आंबे आणि कुंभे. त्यात कड्याकपारीही कमी नाहीत. देव साठीला आले होते तेव्हा घळ सापडली. कागदातलं वर्णन समोरच्या धबधब्याशी जुळत होतं.

हीच ती जागा का, यावर पुढेही वाद झाले. आणि खरं सांगायचं तर देव काही तटस्थ संशोधक नव्हते, लोक त्यांना समर्थभक्तच म्हणायचे. त्यांनी काढलेले निष्कर्ष तपासूनच घ्यावे लागतात. पण तपासायला जे कागद लागतात, त्यातले कितीतरी त्यांच्यामुळेच वाचले. भक्ती नसती तर पदरमोड करून एवढी वणवण कोणी केली असती?

जमवलेली बाडं ठेवायला धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर उभं राहिलं. नावात मंदिर असलं तरी आत मुख्य ठेवा हस्तलिखितांचा. समर्थांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकि रामायणही तिथेच आहे.

देव १९५८ मध्ये गेले. तोवर घळीकडे भाविकांची ये-जा सुरू झाली होती. आज पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथे गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील असतं.